संगणकाच्या गाभ्यातील कुलुपे

एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेने एक साधी युक्ती योजिली होती. लगतच्या दोन स्थानकांत टोकनची यंत्रे बसविलेली असत आणि ती तारेने अशी जोडलेली असत की, एका वेळी दोहोंतून मिळून एकच गोळा बाहेर निघू शके. गोळा हाती पडल्याशिवाय चालकाने गाडी त्या टप्प्यावर न्यावयाची नाही, असा दंडक असे. पुढील स्थानकातील यंत्रात तो गोळा परत पडला, म्हणजे मगच दुसऱ्या गाडीची पाळी. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून कड्यात अडकविलेले टोकन झेलणारा माणूस ज्याने पाहिला असेल, त्याला परस्परवर्जनाची कल्पना निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. जागा एक असता तिचा उपयोग एका वेळी एकानेच करावा, एवढाच तिचा अर्थ.

संगणकात हाच प्रश्न फार सूक्ष्म रूपाने उभा राहतो. कार्यप्रणालीचा जो सर्वांत आतला भाग, त्यास गाभा किंवा कर्नेल म्हणतात. स्मृतीची वाटणी, फायलींची व्यवस्था, कोणत्या कार्यास प्रोसेसर केव्हा द्यावयाचा याचा निर्णय, ही सर्व कामे गाभ्याकडे असतात. आजच्या यंत्रांत प्रोसेसर अनेक असतात. गाभा मात्र एकच, आणि त्याची दप्तरेही सर्वांना समाईक असतात.

समजा, एका फायलीची नोंद स्मृतीत आहे आणि ती सात जण वापरीत आहेत, म्हणून नोंदीवर ७ हा आकडा लिहिलेला आहे. दोन प्रोसेसरांवरील दोन कार्यांना तीच फाईल एकाच क्षणी हवी झाली. संख्या एकाने वाढविणे ही वरवर पाहता एक क्रिया वाटते. वस्तुतः तिच्यात तीन क्रिया आहेत: आकडा वाचणे, त्यात एक मिळविणे आणि बेरीज परत लिहिणे. पहिल्याने ७ वाचले. त्याने ८ लिहिण्यापूर्वीच दुसऱ्यानेही ७ वाचले. दोघांनीही ८ लिहिले. वापरणारे नऊ झाले आणि दप्तरी आठच राहिले. पुढे आठ जण निघून गेले की आकडा शून्यावर येतो. गाभा ती जागा रिकामी समजून दुसऱ्या कामास देतो आणि नववा बिचारा तेथे अजून वाचीतच असतो. आता त्याच्या हाती पडेल तो मजकूर दुसऱ्याचा, कदाचित गुप्त शब्दाचाही. याहून वाईट गोष्ट अशी की, ही चूक लाखांत एखादे वेळी घडते. पुन्हा तेच काम करून पाहावे, तर सर्व सुरळीत! यंत्र एका प्रोसेसरचे असले तरी धोका पुरता टळत नाही. कारण वाचन आणि लेखन यांच्या मध्येच एक कार्य थांबवून दुसरे सुरू केले जाऊ शकते.

यावर उपाय म्हणजे कुलूप. परंतु कुलूप म्हणजे स्मृतीतील एक आकडाच: ० असल्यास उघडे, १ असल्यास बंद. ‘आधी पाहावे आणि उघडे असल्यास बंद करावे’ असा नियम केला, तर पाहणे आणि बंद करणे यांच्या फटीत दुसरा शिरतोच. नुसत्या वाचन-लेखनाच्या बळावर ही फट बुजविता येते, हे डच गणिती डेकर यांनी दोन कार्यांपुरते दाखविले आणि एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली कितीही कार्यांसाठी सिद्ध केले. व्यवहारात मात्र निराळा मार्ग चालतो. प्रोसेसरलाच अशी एक आज्ञा दिलेली असते की, ती त्या जागी १ ठेवते आणि आधीचा आकडा परत आणते; या दोन गोष्टींमध्ये दुसऱ्या कोणासही शिरता येत नाही. हाती ० आले तर कुलूप आपले झाले. १ आले तर ते दुसऱ्याकडे आहे.

मग वाट कशी पाहावयाची? येथे दोन पंथ आहेत. पहिल्यात वाट पाहणारा प्रोसेसर तेथेच घुटमळत तोच आकडा पुनःपुन्हा तपासतो. यास फिरते कुलूप म्हणतात. दुसऱ्यात वाट पाहणाऱ्या कार्यास निजविले जाते, प्रोसेसर दुसऱ्या कामास लागतो आणि कुलूप मोकळे झाले की निजलेल्यास उठविले जाते. हे म्यूटेक्स. निजविण्या-उठविण्यासही वेळ लागतो. म्हणून आतील काम क्षणात उरकणारे असेल तर घुटमळणेच स्वस्त पडते. लिनक्सच्या गाभ्यात म्यूटेक्स हा स्वतंत्र प्रकार २००६ साली आला. त्याचा नियम कडक आहे: ज्याने लावले त्यानेच उघडावे. पुढे त्यात एक व्यवहारी सुधारणा झाली. कुलूपधारक त्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर प्रत्यक्ष काम करीत असेल, तर तो लवकरच सुटेल असे मानून थोडे घुटमळावे. नसेल तर निजावे.

कुलुपांचे स्वतःचे अनर्थही आहेत. एकाने क घेऊन ख मागावे, दुसऱ्याने ख घेऊन क मागावे, की दोघेही जन्मभर उभे! यासाठी कुलुपे ठरलेल्या क्रमानेच घ्यावी लागतात. शेकडो लेखकांच्या लक्षावधी ओळींत हा क्रम पाळला जातो की नाही, हे पाहणारे तपासनीस साधन लिनक्समध्ये २००६ सालीच घालण्यात आले. कोंडी प्रत्यक्ष होण्याची वाट न पाहता, क्रम उलटा दिसताच ते तक्रार करते. गाभ्यातील सर्वांत उपयुक्त साधनांत त्याची गणना करावी लागेल.

१९९६ साली लिनक्सने अनेक प्रोसेसरांची यंत्रे प्रथम स्वीकारली, तेव्हा बहुतेक साऱ्या गाभ्यास मिळून एकच मोठे कुलूप होते. सुरक्षित खरे, पण एका वेळी एकच प्रोसेसर आत जाऊ शके. ते कुलूप तोडून त्याची लहान कुलुपे करण्याचे काम २०११ पर्यंत चालले. याच कामात बेंगळूरुचा वाटा मोलाचा आहे.

फायलीचा पत्ता शोधताना गाभा एकेक नाव क्रमाने पाहत जातो. अलीकडे पाहिलेली नावे तो एका कोशात जपून ठेवतो. या कोशावर पूर्वी एकच समाईक कुलूप असे आणि प्रोसेसर वाढले की त्यापाशीच दाटी होई. वास्तविक बहुतेकांना त्यात काही बदलावयाचे नसे. त्यांना केवळ नाव वाचावयाचे असे. आयबीएमच्या बेंगळूरु येथील लिनक्स केंद्रातील दीपंकर सर्मा आणि मनीष सोनी यांनी अमेरिकेतील पॉल मॅकेनी यांच्या सहकार्याने यावर निराळी पद्धत लागू केली. २००३ अखेर प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६ मध्ये ती होती. तीत शोध घेणाऱ्याने ते समाईक कुलूप घ्यावयाचेच नाही. नोंद काढणाऱ्याने ती साखळीतून सोडवावी, पण लगेच नष्ट करू नये. त्या वेळी वाचीत असलेले सर्वजण आपले वाचन संपवून गेले की मगच जागा मोकळी करावी. प्रत्येक प्रोसेसर एकदा तरी वाचनाबाहेर पडून गेला, एवढे कळले की पुरते. कोण काय वाचीत होता, हे मोजण्याची गरज नाही. जुन्या फेरीस्ताचे पान फाडण्यापूर्वी दालनातील वाचकांना जाऊ द्यावे, तसे हे झाले. बदल करणाऱ्यांना मात्र ते कुलूप घ्यावेच लागे. तेही २०११ साली निक पिगिन यांच्या कामामुळे नाहीसे झाले.

बेंगळूरुतच पुढे आणखी एका अडचणीवर काम झाले. २००८ पासून लिनक्सची फिरती कुलुपे बँकेतील क्रमांकाच्या चकतीप्रमाणे चालू लागली होती: आधी आलेल्यास आधी. न्याय्य खरे, पण एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालू असता, ज्याचा क्रमांक लागला तो आभासी प्रोसेसरच बाजूस बसविलेला असू शकतो. मग मागचे सर्वजण त्याच्यासाठी व्यर्थ घुटमळतात आणि ज्या खऱ्या प्रोसेसरवर त्यास चालविता आले असते, तोही अडवून ठेवतात. जेरेमी फिट्झहार्डिंग यांच्या मूळ कल्पनेवर श्रीवत्स वड्डगिरी आणि के. टी. राघवेंद्र यांनी केव्हीएम या आभासी व्यवस्थेसाठी जी योजना रचली, ती २०१३ साली गाभ्यात दाखल झाली. ठरावीक फेऱ्या घुटमळूनही पाळी आली नाही, तर वाट पाहणाऱ्याने स्वतः थांबून प्रोसेसर सोडावा आणि कुलूप उघडणाऱ्याने पुढील क्रमांकाच्या धन्यास नेमके उठवावे. चकतीची जागा २०१५ साली रांगेच्या कुलुपाने घेतली, तरी थांबण्या-उठविण्याची ही रीत त्यातही ठेवण्यात आली.