फुलं तिची, अर्थ कोणाचा?

प्रश्न : जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीच्या भल्यामोठ्या फुलांचा विषय निघाला की समीक्षक हटकून स्त्रीदेहावर येतात. तिला खरंच तेच दाखवायचं होतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती आयुष्यभर ‘नाही’च म्हणत आली. पण गंमत अशी, की हा अर्थ फुलांच्या आधीच तयार होता. १९२१ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झनं न्यूयॉर्कमध्ये ओकीफची छायाचित्रं मांडली, त्यांत नग्न छायाचित्रंही होती. तिची चित्रं लोकांपुढे आणणारा तोच, आणि पुढे नवराही तोच. शहरात फ्रॉइडचं वारं शिरलेलं. चित्रकार मार्सडन हार्टली, समीक्षक पॉल रोझेनफेल्ड यांनी तिच्या अमूर्त चित्रांतही बाईचं शरीर वाचलं. मोठी फुलं आली ती १९२४ पासून.

आता ‘ब्लॅक आयरिस’ (१९२६) पाहा. तीन फूट उंच कॅनव्हास भरून एकच फूल. वरच्या पाकळ्या राखी-गुलाबी, खालच्या काळपट जांभळ्या, मधोमध गडद पोकळी. हे बघून मनात काहीच येत नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शिवाय फूल म्हणजे झाडाचं जननेंद्रियच, हे आपण शाळेत शिकलोय! तेव्हा अर्थ काढणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो तेवढ्यावरच थांबणाऱ्यांवर. कॅमेरा अगदी जवळ नेल्यासारखी चौकट, एका रंगाचं दुसऱ्यात नकळत मुरणं, हे मग बघायचं कोणी? धांदलीतल्या न्यूयॉर्ककरांनीही थबकून फूल पाहावं म्हणून ते मोठं काढलं, असं तिनं १९३९ मध्ये लिहिलं. लोकांनी आपल्याच मनातलं त्यावर चिकटवलं, ही तक्रारही केली.

सत्तरच्या दशकात स्त्रीवाद्यांनी तोच अर्थ अभिमानानं उचलला. जूडी शिकागो या चित्रकर्तीच्या ‘द डिनर पार्टी’ या मांडणशिल्पात त्रिकोणी टेबलावर ३९ कर्तबगार स्त्रियांची पानं मांडली आहेत, त्यांत शेवटचं ओकीफचं. नव्वदीला टेकलेल्या बाईंनी मात्र या गोटापासूनही अंतरच राखलं.

२०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्ननं हा शिक्का पुसण्यासाठी मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात तिचं १९३२ चं पांढरं फूल होतं, आपण शंकराला वाहतो त्या धोतऱ्याच्या जातकुळीतलं. त्याआधी दोनच वर्षं ते ४.४४ कोटी डॉलरला गेलं होतं. तोवर कुठल्याच चित्रकर्तीच्या चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र तुम्ही विचारलेला प्रश्नच झळकला, तुमच्याइतक्या सभ्य शब्दांत नव्हे.