वेगाआधी दम : नव्या धावपटूंसाठी एक पाठ

पावसाळा सरला की मडगाव, फोंडा, म्हापसा येथील मैदानांवर पहाटेच्या अंधुक उजेडात धावणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या वाढू लागते. कोणाला पोलीस दलात जायचे असते, कोणाला सैन्यात, तर कोणाला केवळ प्रकृती सुधारावयाची असते. उत्साह सर्वांच्या ठायी सारखाच, आणि चूकही बहुधा एकच. पहिल्या दिवशी छाती फुटेस्तोवर धावायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि पंधरवड्याने दुखऱ्या नडग्या चोळीत घरी बसायचे. मग 'आपल्यात दमच नाही' असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दम हा कमावता येणारा गुण होय; मात्र तो घाईने कमावता येत नाही.

संथ धावण्याचे मोल

श्वास न तुटता नियमित धावल्याने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे लोटू लागते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. हे बदल काही आठवड्यांत जाणवतात. हाडे व कंडरा मात्र त्याहून सावकाश बळकट होतात. दम वाढला म्हणून वेग व अंतर एकदम वाढविले की नडगी दुखते, ती याच कारणाने.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांची मुख्य शर्यत अवघी ८०० मीटरची. तरीही तयारीच्या काळात ते आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावत. स्नेल यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे, तर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० व १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. नवशिक्याने हे अंतर गाठू पाहू नये. त्यामागील तत्त्व तेवढे घ्यावे. वेगाची इमारत दमाच्या पायावरच उभी राहते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांची पावले लहानपणी शाळेच्या वाटेवर रोज काही किलोमीटरची मजल मारून घट्ट झाली होती. पुढे सैन्यात राहून २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले.

बारा आठवड्यांचा क्रम

पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड धावावे. प्रारंभी एक मिनिट संथ धाव व दोन मिनिटे चाल, असे दहा वेळा करावे. पुढे धाव वाढवीत व चाल कमी करीत जावे. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे; न आल्यास वेग जास्त आहे असे समजावे.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात पंचवीस-तीस मिनिटे न थांबता धावण्याचे लक्ष्य ठेवावे.

नवव्या आठवड्यापासून तीनपैकी एकच दिवस वेगासाठी राखावा. दहा मिनिटे संथ धावून अंग तापवावे. नंतर ४०० मीटरच्या चार फेऱ्या ठरविलेल्या वेगाने घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर तीन मिनिटे चालावे. उर्वरित दोन दिवस संथच धावावे.

वेगाचे गणित सोपे आहे. १६०० मीटर सहा मिनिटांत धावायचे असतील, तर ४०० मीटरची प्रत्येक फेरी ९० सेकंदांत पडली पाहिजे. पहिली फेरी ७५ सेकंदांत मारणारा उमेदवार पंधरा सेकंद कमावतो खरा. परंतु बहुधा शेवटच्या दोन फेऱ्यांत त्याहून अधिक गमावतो.

सावधगिरी

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावचाचणीच्या काळात दहाहून अधिक उमेदवार मृत्युमुखी पडले. ही घटना कोणत्याही इच्छुकाने विसरू नये. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही व शरीर लवकर तापते. म्हणून सूर्योदयापूर्वी धावावे आणि पाणी पीत राहावे. धावल्यानंतर मीठ घातलेली पेज किंवा नाचणीची आंबील उत्तम. चाचणीच्या तोंडावर उत्तेजक गोळी वा इंजेक्शन घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. छातीत दुखणे, भोवळ येणे, शुद्ध हरपू लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. घराण्यात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असल्यास आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

भरतीची जाहिरात निघाल्यावर धावू लागणारा काळाशी झुंजतो. आधीच सुरुवात करणारा काळाला आपला सोबती करून घेतो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता उद्याच्या पहाटेच मैदान गाठावे, आणि सावकाश धावावे.