घरातील वीज आणि माणची कोरडी जमीन

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच खात्याकडे वीज हा विषय होता आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले, हे मात्र आमच्या वर्गात फार थोड्यांना सांगता येते. वीज स्वस्त व मुबलक मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. आता ती वस्त्यावस्त्यांवर पोहोचली आहे. घरात आलेली वीज सांभाळायची कशी, हा प्रश्न आपला आहे.

गतवर्षी म्हसवडजवळ एका माजी विद्यार्थ्याच्या नव्या घरी परित्राणपाठास आम्ही गेलो होतो. घर पक्के, रंग नवा. परंतु शेडच्या लोखंडी खांबावरून मोटारीची वायर गेलेली आणि त्याच खांबाला कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली! वायरचे आवरण घासले की त्या तारेत वीज उतरते, आणि ओले कपडे टाकणारा हात बहुधा घरच्या माउलीचा असतो. बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर आतच कापून गुंडाळलेली.

बरे, अर्थिंग केले तरी आपली जमीन मुरमाड आणि पाऊस अपुरा. कोरड्या मातीचा रोध वाढतो. तो ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जमिनीत जेमतेम ४.६ अँपिअर प्रवाह जातो. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही. फ्रिजचा पत्रा तसाच जिवंत राहतो. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. टंचाईत हे जड जाते, याची आम्हांस कल्पना आहे.

खरा राखणदार आरसीसीबी. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडतो. ठरावीक भारावरील जोडणीस केंद्रीय नियमांनी गळतीरोधक साधन सक्तीचे केले आहे. बाकी, दिव्यांना १.५ आणि मोठ्या प्लगला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्विच फेजवरच, आणि काम परवानाधारकाकडून, चाचणी अहवालासह.

त्या घरी पुढील महिन्यात हिरवी वायर जोडली गेली, आरसीसीबीही बसला. चाचणीचे बटण दाबताच घर अंधारले. आजी म्हणाल्या, "गुरुजी, लाईट घालवलीत व्हय?" आता दर महिन्याच्या पौर्णिमेला त्यांची नातच ते बटण दाबते.