घरच्या सरावासाठी नळ्यांचा लहान ध्वनिवर्धक

विजेच्या गिटारीसाठी नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, ध्वनिवर्धक घेताना पुष्कळ जण प्रथम वॅट विचारतात. ५० वॅटांच्या यंत्रापेक्षा ५ वॅटांचे यंत्र दहापट हळू वाजेल, असा त्यांचा समज असतो. तो खरा नव्हे. शक्ती दहापट वाढविली, तरी कानास आवाज सुमारे दुप्पटच भासतो. अर्थात् त्याच स्पीकरवर ५ वॅटांचा आवाज ५० वॅटांच्या निम्म्याइतका असतो, आणि लहान खोलीस तोही अतिशय होतो.

१९५० नंतरच्या दशकातील फेंडरचा 'चँप' हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यात तीन नळ्या, आठ इंची स्पीकर व सुमारे ५ वॅट शक्ती. आवाजाची कळ मात्र एकच. ती बरीच फिरविल्यावाचून नळ्यांचा तो प्रिय, किंचित् फाटलेला स्वर निघत नाही. आणि तो निघेपर्यंत शेजारी जागे होतात! म्हणून घरासाठी 'मास्टर व्हॉल्यूम'ची निराळी कळ किंवा शक्ती १ वॅटपर्यंत उतरविण्याची सोय असलेले यंत्र पसंत करावे.

पालकांनीही ध्यानात ठेवावे, की अमेरिकेतील १२० व्होल्टांचे यंत्र आपल्या २३० व्होल्टांस योग्य ट्रान्सफॉर्मरवाचून जोडू नये. स्पीकर सोडवून ते चालवू नये. आतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. मुलांनी तर ते कदापि उघडू नये. वीज बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहतात, आणि ते प्राणघातक ठरू शकतात.