तेराव्यानंतर जास्त सांभाळ

बाळा, तुझा दोस्त गेला. ज्याच्या शेजारच्या खाटेवर तू व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या पहिल्या रात्री तळमळत काढल्यास, ज्याने तुला हाताला धरून पहिल्या मीटिंगला नेलं, तोच पुन्हा प्यायला लागला आणि गेला. भेटेल तो तुला धीर धर म्हणत असेल. मी तसं म्हणणार नाही. मनसोक्त रड. फक्त एकट्याने रडू नकोस आणि पिऊन रडू नकोस.

इतकी वर्षं मीटिंगमध्ये बसून मी अशा दुःखातून सावरलेले पाहिले आणि घसरलेलेही पाहिले. त्यांच्याकडून शिकलेलं तुला दिवसांच्या क्रमाने सांगतो. पहिल्या दिवशी तुझ्यावर सगळ्यांची नजर असते. खरा धोका तेरावा उरकला, माणसं पांगली की सुरू होतो. म्हणून तयारी आतापासून कर.

आधी फोन, मग पायात चपला

बातमी कळली की घराबाहेर पडण्याआधी एका सोबर माणसाला फोन लाव. स्पॉन्सर, म्हणजे ग्रुपमधला तुला वाट दाखवणारा जुना माणूस, असेल तर त्याला, नाहीतर ग्रुपमधल्या कुणालाही. आपली चळवळ सुरू झाली तीच अशा एका फोनमुळे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा होता आणि बारमधून लोकांच्या हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे वळला आणि चर्चच्या लोकांना फोन करत सुटला. त्याला दुसरा एक दारुडा हवा होता, बोलायला. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथशी गाठ पडली. डॉ. बॉबने शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापना दिन मानतात. तेव्हा फोन करताना संकोच करू नकोस. रात्रीचे दोन वाजले असतील तरी कर. समोरच्यालाही त्या फोनची गरज असते.

स्मशानात जा, पण जोडीने

शेवटचं दर्शन टाळू नकोस. न गेलेला माणूस पुढे कित्येक महिने मनातल्या मनात तिथेच घुटमळत राहतो. जा, खांदा दे, पण ग्रुपमधला एकजण सोबत घे आणि परतायची सोय स्वतःची ठेव. अग्नी दिल्यावर घोळके होतात, जुनी मंडळी भेटतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "चल, त्याच्या नावाने थोडी घेऊ." तिथे वाद घालू नकोस, उपदेशही करू नकोस. "मी निघतो" एवढं म्हण आणि नीघ.

घरी येऊन आंघोळ कर, शेजाऱ्यांनी पाठवलेला पिठलं-भात दोन घास का होईना पोटात ढकल. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपासून जपायला आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मयताच्या दिवशी हे चौघे एकदमच येतात. यातल्या भुकेचा आणि थकव्याचा बंदोबस्त तुझ्या हातात आहे, तो आधी कर.

झोपेची गोळी कुणाच्या पाकिटातून घेऊ नकोस

त्या रात्री झोप लागणार नाही. घरातलं कुणीतरी मायेने अर्धी गोळी पुढे करेल. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि आपल्यासारख्यांना ती लवकर लागते. दोन-तीन रात्री झोप आली नाही तर डॉक्टरकडे जा आणि बसल्याबसल्या पहिलं वाक्य हेच बोल, "मी व्यसनमुक्त होतोय." मग ते देतील ते, सांगतील तेवढेच दिवस घे. गोळ्या बायकोच्या किंवा आईच्या ताब्यात ठेव.

दहाव्याला कुठे उभं राहायचं

दहावा कठीण असतो, कारण तिथे बाटली येऊ शकते. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या घाटावर हे मी पाहिलंय. भाताचे पिंड मांडलेले असतात, शेजारी गेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. खारी, कपभर चहा, बिडीचं बंडल. मग एखादा चुलतभाऊ खिशातून क्वार्टर काढतो, प्लॅस्टिकच्या ग्लासात ओततो आणि पिंडाजवळ ठेवतो. झाकण फिरवल्याचा आवाज आणि पाठोपाठ येणारा तो वास तुला दहा फुटांवरून ओळखू येईल. क्वार्टर आणायला तुला पाठवत असतील तर "ते माझ्याकडून होणार नाही" असं स्पष्ट सांग. ग्लास हातात घेऊ नकोस. मागच्या रांगेत, वास येणार नाही अशा बाजूला उभा राहा.

कावळा शिवेना झाला की लोक म्हणतात, इच्छा राहिली. तू जवळचा म्हणून तुलाच पुढे करतील, "तू शब्द दे" म्हणतील. शब्द दे, पण जमेल तेवढाच. "पोरीच्या शाळेच्या फॉर्मचं मी बघेन" हा शब्द पुष्कळ झाला. संसार ओढायचा शब्द देऊ नकोस. न पेललेलं वचन पुढे टोचत राहतं, आणि टोचणी घेऊन बसलेला माणूस बाटलीच्या जवळ असतो. आणि एक ध्यानात ठेव. कावळा शिवला काय नि न शिवला काय, तुझा दोस्त आता दारू मागत नाहीये. त्याचं मागणं संपलं.

घरच्यांच्या दुःखाला धक्का लावू नकोस

घरचे "हार्ट अटॅक आला" म्हणत असतील तर त्यांचं म्हणणं खोडू नकोस. तो मीटिंगला यायचा हे भावकीला ठाऊक नसेल तर तेराव्याच्या भाषणात त्याचा उल्लेख करू नकोस. अनामिकता मेल्यानंतरही पाळायची असते. खरं बोलायला मीटिंग आहे, तिथे खरंच बोल.

वहिनींना "त्याने ऐकायला हवं होतं" असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांनी ते हजारदा म्हणून झालेलं असतं. त्यापेक्षा महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढून आण, त्याच्या चार-पाच प्रती काढून दे, बँकेत आणि पीएफच्या कामाला सोबत जा. पुढे त्यांची तयारी दिसली की अल्-अनॉनच्या बैठकीचा पत्ता दे. दारुड्याच्या घरच्यांसाठीच ती असते.

'मी का वाचलो?' हा प्रश्न येणारच

रात्री कधीतरी मन म्हणेल, मी तो फोन उचलला असता तर? त्या बुधवारी गेलो असतो तर? मग उलटा विचार येईल, तो इतका भला माणूस टिकला नाही, मग मी कोण लागून गेलो? हे दोन्ही विचार मीटिंगमध्ये मोठ्याने बोलून टाक. एकदा बोलून त्यांची धार जात नाही, पुन्हा पुन्हा बोल. व्यसन हा उलटणारा आजार आहे. तुझ्या एका फोनने तो आला नाही आणि एका फोनने गेलाही नसता.

आणि त्याने तुला दिलेलं खोटं ठरत नाही. बिल विल्सनला "दारू सुटू शकते" हे १९३४ च्या नोव्हेंबरात घरी येऊन सांगणारा त्याचा जुना मित्र होता, एबी थॅचर. पुढे एबी स्वतः अनेकदा घसरला. बिल मात्र डिसेंबर १९३४ नंतर कधी प्यायला नाही, आणि १९७१ मध्ये मरेपर्यंत एबीला आपला स्पॉन्सर म्हणत राहिला. दिवा लावून देणाऱ्याचा स्वतःचा दिवा विझला, म्हणून आपल्या घरातला उजेड लटका होत नाही. मीटिंगमध्ये कुणी "त्याने कार्यक्रम नीट धरला नाही" म्हणून निकाल देत असेल तर त्यात सूर मिसळू नकोस. आज तो, उद्या आपल्यातला कुणीही.

तेराव्यानंतरचा महिना

आता मूळ मुद्दा. गोडाचं जेवण होतं, पाहुणे जातात, तू कामावर रुजू होतोस. संध्याकाळी सहा-सात वाजता, जेव्हा तुम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसायचात, तेव्हा पोटात खड्डा पडतो. त्याच वेळेला मीटिंग ठेव. महिनाभर रोज ठेव. त्या टपरीवर जायचंच असेल तर ग्रुपमधल्या कुणाला तरी घेऊन जा. त्याचा नंबर फोनमधून आज काढलाच पाहिजे असं नाही, पण त्याचे जुने मेसेज रात्री एकट्याने वाचू नकोस.

गर्द किंवा इंजेक्शन सुटलेल्यांना हे जास्त जीव तोडून सांगतो. काही महिने बंद राहिलं की शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. दुःखाच्या भरात जुन्या मापाने घेतलेला एकच डोस श्वास थांबवतो. कितीतरी जण असेच गेलेत.

आणि घसरलास, तर त्याच दिवशी सांग. एक घोट म्हणजे दोस्ताच्या वाटेने जाणं नव्हे, लपवलेला घोट मात्र नक्की तिकडे नेतो. चार-आठ दिवस सलग पिणं झालं असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नकोस. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. दवाखान्यात भरती हो. कुणीच जवळ नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी नंबर मोफत आहेत. आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.

वर्षश्राद्ध आधीच ठरव

त्याचा वाढदिवस, तुझा सोब्रायटीचा वाढदिवस आणि त्याच्या जाण्याची तारीख, हे तीन दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव आणि ते कुणासोबत काढायचे ते महिनाभर आधी ठरव. त्याच्या नावाने काही करावंसं वाटलं तर नव्याने वॉर्डात आलेल्या, हात थरथरणाऱ्या एखाद्या पोराच्या शेजारी तासभर बस. तुझ्या दोस्ताने तुझ्यासाठी हेच केलं होतं.

आणि हे सगळं ध्यानात राहिलं नाही तरी चालेल. आज संध्याकाळच्या मीटिंगला ये, उभा राहा, त्याचं नाव घे आणि रड. आम्ही सगळे तिथे आहोत.