गाय घेताना आधी तिच्या आईची कास विचार

म्हशाच्या जत्रेतून गाय आणणार म्हणतोस, तर शिंगं-वशिंड मागाहून बघ. आधी विचार, हिच्या आईची किती वेतं झाली आणि तिला दगडी (कासदाह) किती वेळा झाली. विकणारा खरं सांगेलच असं नाही, त्याच्या गावच्या दुसऱ्या कुणाला गाठ. जंतूंशी लढणारी काही प्रथिनं गाय उपजतच घेऊन येते. त्यांची जनुकं आईकडून येतात तशी वळूकडूनही. म्हणून रेतनाच्या कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिही, तोच वळू पुढे त्याच्या कालवडीला लागता कामा नये. डांगी मिळाली तर घे. दूध बेताचं, पण तिच्या कातडीतून तेलकट स्राव निघतो, आपल्या पावसात टिकते.

तरी नुसत्या रक्तावर विसंबू नकोस. दगडी टाळण्यात वंशाचा वाटा थोडा, गोठ्याचा मोठा. बदलापूरच्या पावसात गोठा चार महिने ओला. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं, तेवढ्यात गाय बसली की शेणातले जंतू आत. म्हणून वैरण धारेनंतर टाक, खात उभी राहील. सडाच्या नळीला आतून केराटिनचं अस्तर असतं, ते जंतूंना अडवतं. अंगठा मुडपून धार काढली की तेच दुखावतं, तसल्या गड्याला गोठ्यात उभा करू नकोस.

विण्याआधी दोन महिने गाय आटव. आटलेल्या कासेत लॅक्टोफेरिन कितीतरी पटींनी वाढतं. ते लोह धरून ठेवतं, जंतू उपाशी राहतात. मग ‘बघू तरी’ म्हणत सड पिळायचे नाहीत.

जत्रेतून टेम्पोने आणलीस की लगेच गोठ्यात घालू नकोस. 1991 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गाईच्या श्वासनलिकेत डिफेन्सिन कुळातलं जंतुनाशक प्रथिन सापडल्याचं सांगितलं. जंतू आले की अस्तर ते जास्त बनवतं, पण दमल्या-भेदरल्या जनावरात ताणाची संप्रेरकं त्यात आडवी येतात. वेगळी बांध, पाणी पाज, खोकते का बघ.

वासरू झालं की दोन तासांत चीक. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरात जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात. उल्हासनगरचं गिऱ्हाईक खरवसाला काय वाटेल तो भाव देईल, देऊ दे. पहिला चीक वासराचा.

आणि उपजत ताकद आहे म्हणून लाळ्या-खुरकुताची लस चुकवायची नाही, ती दर सहा महिन्यांनी. कानातल्या बिल्ल्यावरून शेवटची लस कधी झाली, ते पैसे मोजण्याआधीच काढून घे.