बुरशीशी झुंज

ज्वारीचे कणीस भरू लागले म्हणजे शेतकऱ्याचे मन हरखते. पण त्यात दाण्यांऐवजी काणीची काळी भुकटी निघाली, तर वर्षाचे श्रम मातीमोल होतात. हा प्रताप बुरशीचा.

सन १८८५ मध्ये फ्रान्समधील मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाने द्राक्षवेलींवरील बुरशीस आवर घालता येतो, असे दाखविले. ‘बोर्डो मिश्रण’ ते हेच. परंतु ते पानांच्या पृष्ठावरच राहते. आत शिरलेल्या बुरशीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी नवी संयुगे घडविली. ट्रायअझोल वर्गातील संयुगे पिकाच्या अंगात भिनतात आणि बुरशीच्या पेशींच्या आवरणास लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. वनस्पतीचे या द्रव्यावाचून अडत नाही. म्हणून बुरशी मरते व पीक तगते.

मात्र तेच औषध वारंवार वापरले, की त्यास दाद न देणारी बुरशी तेवढी जगते व तिचाच वंश वाढतो. म्हणून हा शोध थांबवून चालत नाही. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही नवी संयुगे घडविण्याचे संशोधन चालते.

मुलांनो, नवे औषध शोधणे हे शास्त्रज्ञाचे काम. ते योग्य मापाने व आलटूनपालटून वापरणे हे शेतकऱ्याचे. दोघांनी आपापले काम चोख केले, तरच कणसात दाणे भरतील.